माणशी दर, राहण्या-जेवणासह

मे १६७४ मध्ये मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला पोचला. मुंबईहून गलबताने चौल, मग अष्टमी आणि निजामपूरच्या वाटेने डोंगरातला प्रवास. बरोबर नारायण शेणवी हा दुभाषा. शिवाजी महाराज प्रतापगडी भवानीच्या पूजेला गेले होते, म्हणून मंडळींना पाचाडला थांबावं लागलं. नंतर गडावर राहायला एक घर मिळालं. राज्याभिषेक ६ जूनला झाला, तहाचं काम त्यानंतरही चाललं, आणि इंग्रजांचा मुक्काम लांबत गेला.

या मुक्कामाची हकीकत डॉ. जॉन फ्रायरच्या प्रवासवर्णनात आहे. ते पुस्तक १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. इतिहासकार त्यातली राज्याभिषेकाची पानं उघडतात. मला त्यातला जेवणाचा तपशील तितकाच मोलाचा वाटतो. गडावर पाहुण्यांना मिळायची ती डाळ-तांदळाची, भरपूर तुपातली खिचडी. मांसाहाराची सवय असलेल्या या व्यापाऱ्यांचं तिच्यावर फार दिवस भागेना. त्यांनी राजांच्या कानावर घातलं. तिथल्या मोजक्या मुसलमानांना मांस पुरवणारा एक खाटीक होता, त्याला हुकूम सुटला, आणि इंग्रजांच्या घरी रोज अर्धा बोकड जाऊ लागला. काही दिवसांनी तो म्हातारा खाटीक स्वतः गड चढून वर आला. आधीच्या कित्येक वर्षांत खपलं नव्हतं एवढं मटण या माणसांनी थोडक्या दिवसांत संपवलं होतं, आणि अशी गिऱ्हाइकं असतात तरी कशी हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं.

परक्या गावचा माणूस, त्याला निजायला जागा, दोन वेळचं जेवण, आणि तेही त्याच्या आवडीचं. एवढं सगळं यजमानानेच बघायचं, कारण त्या माणसाला जेवायला दुसरीकडे जाण्याची सोयच नाही. आज समुद्रकाठच्या गावात खोलीसाठी फोन लावला की पहिला प्रश्न येतो, ‘माणशी किती?’ उत्तरात खोली, सकाळचा चहा, नाश्ता आणि दोन्ही जेवणं एकाच आकड्यात सांगितली जातात. मासळीचं ताट हवं तर थोडे जास्त, उकडीचे मोदक हवे तर आदल्या दिवशी सांगा, लहान मुलांचे अर्धे. त्या आकड्याचा मागोवा घ्यायचा तर मी रायगडापासून सुरुवात करीन. पूर्वीचा कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड झाला. त्याच्या एका अंगाला दिवेआगर-श्रीवर्धनचा किनारा आहे आणि दुसऱ्या अंगाला महाड-पोलादपूरचे डोंगर. दोन्हीकडे रस्त्याच्या कडेला एकच पाटी दिसते, ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’. परदेशातल्या बीच रिसॉर्टांवर ‘सगळं एका पैशात’ अशी योजना निघाली आणि आपल्या लोकांनी तिची घरगुती नक्कल केली, असा समज आहे. मला हा समज खोटा वाटतो. ही दोन वेगळी घराणी आहेत आणि आपलं घराणं जुनं आहे.

ही पाटी रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीतही आहे. वाडीचं नाव ज्या हिरकणीवरून पडलं तिची गोष्ट मराठी मुलांना शाळेत जायच्या आधीच कळते. गवळण गडावर दूध घालायला गेली, उशीर झाला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल होतं, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. पुढे तिथे बुरूज बांधला तो हिरकणी बुरूज. ही आख्यायिका आहे आणि तिच्यावरून सन-तारीख काढू नये. पण तिच्यात एक व्यवहार नेमका टिपलेला आहे. गड खालच्या वाड्यांवर जेवत होता. दूध, धान्य, सरपण, भाजी, सगळं माणसाच्या डोक्यावरून वर जात होतं, आणि नेणाऱ्यांत बायका होत्या. एसटीच्या स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते तिला आज हिरकणी कक्ष म्हणतात, आणि ते नाव योग्यच आहे. तरी मला वाटतं, आई म्हणून ती आपल्या ध्यानात राहिली, राजधानीला दूध पुरवणारी म्हणून राहिली नाही. पुढच्या सगळ्या इतिहासात हेच होत गेलं. जेवण कुणी खाल्लं याची नोंद सापडते, ते कुणी पोचवलं आणि कुणी रांधलं याची क्वचितच.

मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांपुढे रायगड पडला. वाडे जळाले, वस्ती उठली, आणि गडावर मुक्कामाला जाण्याचं कारण दीर्घकाळ उरलं नाही. वाटसरू आता पायथ्याजवळून दुसरीकडे निघाले होते. १८२८-२९ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमने महाबळेश्वरला गोऱ्यांसाठी हवा पालटण्याचं ठिकाण वसवलं. रेल्वे पुण्याला पोचायच्या आधी मुंबईहून तिथे जाण्याची सोयीची वाट महाड-पोलादपूरवरून होती. समुद्रमार्गे बाणकोट, तिथून सावित्रीच्या खाडीने भरतीच्या पाण्यावर दासगाव किंवा महाड, पुढे पालखीत बसून पोलादपूर आणि घाट. बाणकोटचा किल्ला १७५६ च्या सुमारापासून इंग्रजांकडे होता, त्यामुळे ही खाडी त्यांच्या पायाखालची होती.

या वाटेवर प्रवासी बंगले आले. भोयांच्या टप्प्याटप्प्यावर एक कौलारू इमारत, खाटा, भिंतीला टांगलेला दरफलक, नाव लिहायची वही आणि हाताखाली दोन कोंबड्या बाळगून असलेला खानसामा. खोलीचे वेगळे, जेवणाचे वेगळे, म्हणजे हा अजून एकत्र दर नव्हे. पण एक गोष्ट इथे आपल्या भागात पहिल्यांदा घडली. रात्रीचा आसरा मागणारा माणूस कुणाचा सोयरा नव्हता, कुणाच्या ओळखीचा नव्हता, यात्रेकरू नव्हता, राजाचा पाहुणा नव्हता. तो दर देऊन राहत होता आणि दर फलकावर लिहिलेला होता.

खोली आणि जेवण एकत्र बांधलं गेलं ते डोंगरावर. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला चढला आणि काही वर्षांत तिथे बंगले उठले. पुढे इंग्रजांची, मग पारशी आणि गुजराती मालकांची हॉटेलं आली. नेरळहून छोटी गाडी सुरू झाली ती १९०७ मध्ये. तोवर मीठ-मिरचीपासून सगळं हमालांच्या पाठीवर आणि घोड्यांवर चढत होतं. आजही गावात मोटारीला मज्जाव आहे. अशा ठिकाणी पाहुणा आज किती खाईल ते मालकाला आधी कळलंच पाहिजे, कारण संध्याकाळी जाऊन जास्तीचं काही आणता येत नाही. म्हणून माथेरानच्या हॉटेलांत माणशी दर सगळ्या जेवणांसकट ठरतो. यात चैनीचा भाग थोडा आणि निकडीचा मोठा. आपल्याकडच्या या पद्धतीची जन्मखूण मला इथे दिसते. जिथे दुसरीकडे जेवायला जागा नाही तिथे ती जन्मते.

यातली एक बाजू महाडने शिकवली आणि ती सोडून पुढे गेलो तर हा मागोवा खोटा ठरेल. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. गावात पाणवठे असूनही आलेल्या प्रतिनिधींना पाणी मिळेना, तेव्हा त्यांच्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लोकांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. नंतर ही माणसं वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जमाव परिषदेच्या मांडवावर चालून गेला. माणसं जेवायच्या तयारीत होती, काही जेवत होती. त्यांना मारहाण झाली, शिजलेलं अन्न मातीत गेलं. बाबासाहेब त्या वेळी सरकारी प्रवासी बंगल्यात उतरले होते. डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषदेसाठी सगळे पुन्हा महाडला आले तेव्हा मांडवाला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने.

कोकणातल्या पाहुणचाराचं आपण फार कौतुक करतो. ते करताना हा पाहुणचार कुणासाठी होता हे विचारलं पाहिजे. धर्मशाळा, देवस्थानची अन्नछत्रं, उपाध्यांच्या घरची यात्रेकरूंची पंगत, या सगळ्या ठिकाणी जेवण फुकट किंवा दक्षिणेवर होतं, पण कोण कुठे बसणार हे जात ठरवत होती. शहरात आल्यावरही ‘मराठा खानावळ’, ‘ब्राह्मण खानावळ’ अशा पाट्या होत्याच. दराची पाटी त्या मानाने कोरडी वाटते. माणशी इतके, असं लिहिलं की निदान कागदावर तरी समोरचा केवळ माणूस उरतो. महाडला विकतच्या पाण्यावर दोन दिवस काढलेल्या माणसांच्या दृष्टीने पाहिलं तर फलकावर उघड लिहिलेला, सगळ्यांना सारखा दर ही लहान गोष्ट नाही. किनाऱ्यावरच्या गावांत कोणत्या आळीत शाकाहारी ताट आणि कोणत्या आळीत मासळीचं, यावर जुन्या रेघा आजही दिसतात. त्या पुसट होत आहेत, पण पुसल्या गेलेल्या नाहीत.

कोकणी माणूस माणशी दर घेणारा होण्याच्या कितीतरी आधी तो देणारा झाला, आणि तोही मुंबईत. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढली. पुढच्या शंभर वर्षांत महाड-पोलादपूर, मंडणगड, दापोली, खेड या पट्ट्यातली घरं तरुण पुरुषांविना रिकामी झाली. परळ-लालबागच्या चाळीत गावकीच्या खोल्या होत्या. एका गावची वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीने एकाच खोलीत झोपत. निजायचं असं, आणि जेवायचं खानावळीत. खानावळ म्हणजे शेजारच्या खोलीत एका बाईची चूल. महिन्याचा दर ठरलेला, जो दिवस जेवला नाही त्याचा खाडा धरायचा, पगार झाला की हिशेब. वाण्याकडून माल उधारीवर, गिरणी कामगाराकडून पैसे महिनाअखेर, आणि मधलं अंतर त्या बाईच्या अंगावर. दहा बाय बाराच्या खोलीत रोज वीस-तीस माणसांचं रांधणाऱ्या या बायकांच्या कष्टावर गिरण्या चालल्या. सत्तरच्या दशकातल्या संपांच्या दिवसांत पगार बंद असताना यांनीच उधारीवर जेवू घातलं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या खानावळवाल्यांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेची छोटी कर्जं मिळवून देण्यासाठी. परक्याला ठरल्या पैशात पोटभर जेवू घालणं हा व्यवसाय आहे आणि तो करणारी बाई कर्जाला लायक उद्योजक आहे, ही गोष्ट गिरणगावात प्रथम मान्य झाली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि हजारो चाकरमानी गावी परतले. माणशी, महिना, खाडा, आगाऊ रक्कम, ही बोली त्यांच्या घरात त्या वेळी मुरलेली होती. किनाऱ्यावर पुढे जे घडलं त्यामागे या सवयीचा हात आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता थोडं बाहेर पाहू. इंग्लंडात समुद्रकिनारी सुट्टीला जाणाऱ्या कामकऱ्यांची कुटुंबं बायकांनी चालवलेल्या घरगुती खानावळींत उतरत. न्याहारी झाली की घरमालकीण त्यांना बाहेर काढी आणि जेवायच्या वेळी परत घेई, मधल्या वेळात पाऊस असो की वारा. बिली बटलिनने हे पाहिलं आणि १९३६ मध्ये स्केगनेसला सुट्टीची छावणी काढली. खोली, तीन वेळचं जेवण, करमणूक, सगळं एका पैशात, आणि तो पैसा साधारण कामगाराच्या आठवड्याच्या पगाराएवढा. युद्धानंतर, १९५० मध्ये, जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथे तंबू ठोकले. त्याचं नाव क्लब मेदितेराने, जगात ओळखीचं क्लब मेड. तंबू सैन्याच्या शिलकी मालातले, जेवण लांब टेबलांवर सगळ्यांनी एकत्र, ताटं धुवायला पाहुण्यांनीच हात लावायचा. पैसे खिशात ठेवायला नको म्हणून काही वर्षांनी गळ्यात मण्यांची माळ आली. पेय हवं असलं की मणी काढून द्यायचा. आजच्या रिसॉर्टात मनगटाला बांधतात त्या पट्टीची ही पूर्वज. बटलिन आणि ब्लिट्झ दोघांनी आरंभ केला तो टंचाईच्या काळात, साध्या माणसांसाठी. इथपर्यंत त्यांची गोष्ट माथेरानहून फार लांबची नाही.

फाटा फुटला तो कॅरिबियन समुद्रात. सत्तरच्या दशकात जमैकात राजकीय हिंसाचार वाढला आणि पर्यटक हॉटेलबाहेर पडायला धजेनात. मग हॉटेलाच्या भिंतीच्या आतच सगळं द्यायचं ठरलं, जेवण, दारू, खेळ, गाणं. बुच स्टुअर्टने १९८१ मध्ये माँटेगो बे इथे सँडल्स सुरू केलं आणि पुढे हा नमुना जगभर गेला. या घराण्याच्या मुळाशी भीती आहे. भिंतीबाहेरच्या गावात जेवायला जागा होती, माणसं होती, बाजार होता. पाहुण्याने तिकडे जाऊ नये म्हणून सगळं आत आणलं गेलं. त्याचा परिणामही सरळ झाला. पाहुण्याचा पैसा आतच राहिला, बाहेरच्या टपरीवाल्याला आणि मासळीवालीला काही उरलं नाही, आणि स्वयंपाकघरात लागणारा बराच माल बोटींनी परदेशातून येऊ लागला. सगळं समाविष्ट असलेला बीच रिसॉर्ट म्हणून आज जे विकलं जातं ते मुख्यतः या शाखेचं फळ आहे. गोव्यात १९७४ मध्ये आग्वाद किल्ल्याच्या तटाजवळ ताज समूहाचं रिसॉर्ट झालं, ऐंशीच्या दशकाअखेरीस युरोपातून चार्टर विमानं येऊ लागली, आणि त्याच वेळी ‘जागृत गोंयकारांची फौज’ ही संघटना रस्त्यावर उतरून पाणी, जमीन आणि किनारा कुणाचा हे विचारू लागली. ते योग्यच होतं.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हे भिंतीचं रिसॉर्ट फारसं रुजलं नाही. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यातल्या बांधकामाला आवर घातला हे एक कारण. दुसरं, आणि माझ्या मते मोठं, कारण जमिनीच्या आकारात आहे. दिवेआगरला गेलेल्या माणसाने गावाची आखणी आठवावी. रस्त्याला लागून घर, घरामागे लांब अरुंद वाडी, नारळ-सुपारी, विहीर, पाटाचं पाणी, आणि पलीकडे सुरूचं बन आणि पुळण. वाडी भावाभावांत वाटली गेलेली, निम्मे वाटेकरी मुंबईत. इथे एकाला सलग मोठी जागा मिळणं कठीण. मग पाहुण्यांना घ्यायचं तर घरातल्या दोन खोल्यांत किंवा वाडीत बांधलेल्या चार खोल्यांत.

आणि दिवेआगरात पाहुणे आले ते एका दिवसाच्या घटनेने. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी एका सुपारीच्या वाडीत आळं खणताना तांब्याची पेटी लागली. तिच्यात किलोहून अधिक वजनाचा गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने होते. बातमी छापून आली आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या माणगाव-म्हसळ्याच्या वाटेने दिवेआगरकडे वळल्या. गावात हॉटेल नव्हतं. दर्शन घेऊन दुपारी भुकेलेली माणसं दारात उभी राहिली तेव्हा ज्या घरात जास्तीचा भात होता त्या घराने ताट वाढलं. पुढच्या रविवारी लोक आधी विचारून आले. मग कुणी रात्री राहायचं विचारलं. खोलीचे किती, जेवणाचे किती, असं तोडून सांगण्यापेक्षा माणशी सांगणं सोपं. कारण घरच्या बाईला माणसं मोजूनच तांदूळ घ्यायचे असतात. अशा रीतीने हजारेक वर्षांचा इतिहास सांगणारं, शिलाहारांच्या ताम्रपटातलं हे गाव थोडक्या वर्षांत माणशी दरावर आलं.

या दरात काय बसतं ते पाहण्यासारखं आहे. मासळी भरडखोलच्या किंवा श्रीवर्धनच्या जीवना बंदरातल्या होडीवरची. ती सकाळी मिळेल ती, म्हणून ताटात सुरमई की बांगडा हे समुद्र ठरवतो. नारळ वाडीतला, सोलकढीचं आमसूल घरचं किंवा ओळखीच्या घरचं, तांदूळ खाचराचा किंवा गावच्या दुकानातला. चादरी धुणारी बाई शेजारची, पुळणीवर घोडागाडी फिरवणारा आळीतला. पाहुणा ज्या घरात उतरला तिथे एक रक्कम देतो आणि ती गावात पाच-सहा घरं फिरते. सगळं समाविष्ट असूनही यात काहीच बंदिस्त नाही. पाहुणा जेवून उठला की गावातच फिरायला जातो, कारण भिंत नाही.

या धंद्याला विम्याची भिंतही नाही. २४ मार्च २०१२ च्या पहाटेपूर्वी दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना ठार करून सुवर्णगणेश पळवला. दोन जीव गेले आणि गावची रयाही गेली, पाहुणे रोडावले. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावरच जमिनीवर आलं. पिढ्यांनी जपलेल्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. सुपारी लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर वाडीचं उत्पन्न नाही, उरलं ते फक्त खोल्यांचं. जोडधंदा म्हणून आलेला माणशी दर अशा घरांत पोटाचा धंदा झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्याने घडवलेला मुखवटा देवळात बसवला तेव्हा टाळेबंदी आणि वादळ या दोन्हींतून उठणाऱ्या गावाला त्याची किती गरज होती हे तिथल्या कुणालाही विचारावं.

डोंगराकडच्या अंगाला गोष्ट थोडी निराळी वळली. हिरकणीवाडीजवळून रायगडाचा रोपवे सुरू झाला १९९६ मध्ये. त्याआधी गड बघायचा म्हणजे पायऱ्या चढायच्या, आणि बहुतेकांच्या बाबतीत एक रात्र वर किंवा पायथ्याशी काढायची. रात्र काढायची म्हणजे कुणाच्या तरी घरी भाकरी मागायची. पिठलं, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, लसणीचा ठेचा, कांदा. वाटेवर मडक्यातलं ताक आणि काकडी विकायला बसलेल्या बायका, हिरकणीच्याच वाटेवर. रोपवेने काही मिनिटांत माणूस वर पोचू लागला. ज्यांचे गुडघे साथ देत नव्हते अशा म्हाताऱ्या माणसांना आयुष्यात एकदा रायगड पाहता आला, ही त्याची मोठी देणगी आहे आणि ती कमी लेखू नये. पण त्याने मुक्कामाची गरजही कमी केली. सकाळी आलेला दुपारी परत निघतो. पायथ्याच्या घराला त्याचं एक ताट मिळतं, रात्र मिळत नाही. म्हणून इथला धंदा किनाऱ्यासारखा आठवड्यावर न चालता प्रसंगावर चालतो. शनिवार-रविवार, नाताळची सुट्टी, शाळांच्या सहली, पावसाळ्यातले भटके, आणि जूनमधला राज्याभिषेक सोहळा. त्या दिवसांत पायथ्याच्या गावांत पाय ठेवायला जागा नसते आणि चुली रात्रभर पेटलेल्या असतात. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात रायगड आहे. आता परदेशी पाहुणेही येतील आणि त्यांतल्या काहींना रात्र इथेच काढायची असेल. मोठं हॉटेल बांधणारे तेव्हा जमिनी विचारायला येतील हे उघड आहे. पायथ्याच्या घरांनी त्याआधी स्वतःच्या दोन खोल्या नीट करून घ्याव्यात, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

पण या माणशी दराचा हिशेब अजून पुरा लिहिला गेलेला नाही. माणशी रकमेत तांदूळ, मासळी, गॅस, वीज, चादरी यांचा खर्च धरतात. पहाटे चारला उठून वीस माणसांचे पोहे, बारा वाजता पंगत, चारला चहा, रात्री पुन्हा पंगत, मग भांडी. या तासांचा आकडा त्यात बहुतेक घरांत धरलेला नसतो, कारण ते काम घरच्या बाईचं. गिरणगावातल्या खानावळवालीला निदान पैसे हातात मिळत होते. गावच्या घरगुती सोयीत पाटीवर मोबाइल क्रमांक मुलाचा, ऑनलाइन पैसे त्याच्याच खात्यात, आणि रांधणारी आत. घरातल्या माणसांनी मनात आणलं तर हे आजही बदलता येईल.

सरकारच्या कागदावर एक वाट आता झाली आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाचा व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत पर्यटन संचालनालय परत देतं. अट आहे ती मालकीची. वाडीचा सातबारा बघितला तर तिथे सासऱ्याचं, दिरांचं, मुंबईतल्या चुलत्यांचं नाव, आणि जी रांधते तिचं सहसा कुठेच नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपखुशीने जमिनीचा वाटा बायकोच्या नावे केला होता. घरापुरता तर त्याहून सोपा मार्ग आहे. ग्रामपंचायतीच्या घरनोंदीवर, नमुना आठवर, नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. हिरकणीवाडीत नव्या खोल्या बांधायला निघालेल्या घराने विटा-सिमेंटचा भाव काढण्याआधी एकदा ग्रामपंचायतीत जाऊन तो उतारा काढावा.